डीव्ही (कौटुंबिक हिंसाचार) केसमध्ये नवऱ्याचे अपील : वसुली थांबते का, आपले अपील कधी करायचे?

कृष्णाकाठ
बहिणीच्या डीव्ही केसचा निकाल 12 मार्चला लागला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिला दरमहा 8,000 आणि मुलाला 4,000 रुपये पोटगी दिली, तीही अर्जाच्या तारखेपासून. नुकसानभरपाई नाकारली. नक्कल 28 मार्चला हातात पडली. नवऱ्याने सत्र न्यायालयात अपील केले आहे, सोबत स्थगितीचा अर्ज आहे. नोटीस काल आली. अपील दाखल झाले म्हणजे वसुली थांबते का? आणि नुकसानभरपाईचे त्याच अपिलात मागता येईल का?

सत्रन्यायालय_रोज
आधी दुसरा प्रश्न, कारण त्याला मुदत आहे. नवऱ्याच्या अपिलात तुम्ही फक्त उत्तर देऊ शकता, वाढवून मागू शकत नाही. दिवाणी अपिलात प्रति-आक्षेप (समोरच्याच्या अपिलातच आपली मागणी) घेता येतात, तशी सोय इथे नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर बहिणीचे स्वतंत्र अपील लागेल, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 29 खाली. मुदत 30 दिवस, आदेशाची प्रत मिळाल्यापासून; दोघांपैकी ज्याला नंतर मिळाली त्याची तारीख धरतात, पण तुम्ही आपलीच धरा. म्हणजे 28 मार्च सोडून मोजायचे, शेवटचा दिवस 27 एप्रिल. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मग आधी त्यावरच तारखा पडत राहतात. दोन्ही अपिले एकत्र चालवावीत असा अर्ज लगेच द्या. नवऱ्याचे अपील तरी मुदतीत आहे का, तेही दोघांच्या प्रत मिळाल्याच्या तारखांपैकी नंतरच्या तारखेवरून ताडून पाहा.

अपील दाखल झाल्याने वसुली थांबत नाही. थांबते ती स्थगितीच्या आदेशाने. खालच्या कोर्टात 'अपील पेंडिंग आहे' एवढेच सांगून तारखा घेतल्या जातात. त्या वेळी सत्र न्यायालयाचा रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झाले त्याची नोंद) दाखवा. केसचा सोळा अंकाक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की स्थगितीवर काय झाले ते दिसते, पण कोर्टात द्यायला नक्कलच घ्या.

पोटगी_वसुली
खरी लढाई स्थगितीच्या अर्जावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी निशाणी 5 (कोर्टाच्या फाईलमधला त्या अर्जाचा क्रमांक) वर, होते. अंतिम सुनावणीला वर्षे लागू शकतात. तोवर घर चालणार आहे ते याच आदेशावर. म्हणून त्या तारखेला तोंडी 'काही दिले नाही' म्हणू नका. एका पानाचा तक्ता द्या : महिना, देय, मिळाले, बाकी. अर्जापासून निकालापर्यंत किती महिने झाले?

कृष्णाकाठ
22 महिने. अंतरिम पोटगी 3,000 रुपये, ती 14 महिने आली.

पोटगी_वसुली
मग 22 गुणिले 12,000 म्हणजे 2,64,000. त्यातून 42,000 वजा. निकालापर्यंतची बाकी 2,22,000. मिळालेले लपवू नका. त्याच्या वकिलांनी पासबुक काढले की तक्त्यातले बाकीचे आकडेही संशयात येतात.

म्हणण्यात, म्हणजे स्थगितीच्या अर्जाला द्यायच्या लेखी उत्तरात, आधी स्थगितीला विरोध करा. द्यायचीच झाली तर तीन अटी मागा. चालू महिन्याचे 12,000 दर महिन्याला बहिणीच्या खात्यात यावेत, थकबाकीचा ठरावीक भाग अमुक तारखेपर्यंत कोर्टात भरावा, आणि न भरल्यास स्थगिती आपोआप उठावी. चौथी गोष्ट हमखास विसरली जाते : भरलेली रक्कम काढून घेण्याची परवानगी. ती आदेशात नसेल तर पैसे कोर्टात पडून राहतात आणि इकडे मुलाची फी थकते. हे वाक्य म्हणण्यात लिहूनच द्या.

वसुलीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, पोटगीच्या वसुलीच्या पद्धतीनेच चालतो. पैसे देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करा. कलम 31 च्या मागे लागू नका, ते संरक्षण आदेशाच्या भंगासाठी आहे. नवरा पगारदार असेल तर कलम 20(6) खाली मालकाला परस्पर पगारातून भरण्याचा आदेश मागा. वॉरंटपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

सत्रन्यायालय_रोज
अजून एक. अपिलात 'नोकरी सुटली' असे नवे पत्र जोडले जाते. अपील चालते ते खालच्या कोर्टातल्या पुराव्यावर. नवा कागद आणायचा तर जादा पुराव्याचा अर्ज हवा, पूर्वी सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 391, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 432. अर्ज नसेल तर लेखी हरकत घ्या आणि पत्राची तारीख पाहा. निकालानंतर नोकरी गेली असेल तर त्यासाठी कलम 25(2) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा वेगळा मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश वि. नेहा या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. नवऱ्याचे ते खालच्या कोर्टात दाखल आहे का, हे रेकॉर्डमध्ये तपासा. नसेल तर उत्पन्न लपवल्याचा मुद्दा तिथूनच उभा राहतो.

कृष्णाकाठ
वकिलांची फी परवडणारी नाही.

पोटगी_वसुली
महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, किंवा 15100 वर फोन करा. जाताना निकालाची नक्कल, अपिलाची नोटीस, आधार कार्ड आणि तो तक्ता न्या. उद्याच जा. वकील नेमून हातात कागद पडेपर्यंत आठवडा सहज जातो आणि 27 एप्रिल त्यातूनच गाठायची आहे.