अनुभव धागा : पोथीतल्या गोष्टी, बायबलमधल्या गोष्टी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं दिवसा मिशनच्या शाळेत आणि श्रावणात संध्याकाळी पोथीला, अशी वाढली. दोन्हीकडची कुठली गोष्ट मनात राहिली, कशाशी जुळली, कुठे खटकली, ते लिहा. कोणाचा देव मोठा हा वाद इथे नको, त्याला चहाची टपरी आहे.

शहापूरकरीण
आजी शिवलीलामृत वाचायची. श्रियाळ-चांगुणेच्या अध्यायाला तिचा आवाज बसायचा. अतिथी होऊन आलेला शंकर पोटच्या पोराचं मांस मागतो, आई चिलयाचं शिर उखळात कांडते, वर डोळ्यांत पाणी यायला नको! त्याच सुमारास शाळेत सिस्टरांनी अब्राहामाची गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन आजीला ऐकवली. देव अब्राहामाकडे त्याच्या पोराचा, इसहाकाचा, बळी मागतो. इसहाक होमाची लाकडं स्वतःच वाहून नेतो. वाटेत बापाला विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? बापाने सुरी उचलल्यावर देवदूत हाक मारून थांबवतो आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो.

आजी म्हणाली, "देव येळेवर बोलला म्हणायचा. खरं पोराच्या आईला कुणी इचारलं काय गं?"

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना तेच विचारलं. त्या प्रसंगात सारेचा उल्लेखच नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. चांगुणेच्या वाट्याला निदान अख्खा अध्याय आहे, पण उखळही तिच्याच हाती. यातलं बरं कुठलं, मला अजून ठरवता येत नाही.

हुक्केरीकर
वरच्याला जोडून. आमच्या शेजारच्या लिंगायत घरात हीच गोष्ट सिरियाळ-चंगळे म्हणून सांगत, मुलगा चिलाळ. बसवण्णांच्या वचनातही सिरियाळ शेट्टी येतो, म्हणजे बाराव्या शतकात. श्रीधरस्वामींचं शिवलीलामृत १७१८ चं. तेव्हा ही गोष्ट 'आमची' की 'त्यांची', हे सीमावादवाल्यांनी ठरवावं.

खानापूरचा, कोंकणी घरातला
नाताळात आम्ही गोठा मांडायचो, शेजारची पोरं नेवऱ्या खायला यायची. हेरोद राजाने बेथलेहेमातली दोन वर्षांखालची मुलं मारली, योसेफ रातोरात बाळाला घेऊन मिसरात गेला, एवढं सांगितलं की पोरं ओरडायची, "कंस! कंस!" टोपली आणि यमुना तेवढी नाही, बाकी सगळं ओळखीचं.

"मग येशूनं मोठं होऊन हेरोदाला कसं मारलं?"

"नाही मारलं. हेरोद आपणच मेला."

पोरांचा असा विरस झालेला मी पुन्हा पाहिला नाही. गोष्टी सारख्या म्हणताना आपण शेवट खाऊन टाकतो, असं माझं मत. कंसवधाशिवाय कृष्णाची ती गोष्ट पुरी होत नाही, आणि येशूने हेरोदाचा सूड घेतला असता तर वैऱ्यावर प्रेम करा सांगणारं त्याचं पुढचं डोंगरावरचं प्रवचन कोणी ऐकलं असतं?

निपाणीचा
धाकटे काका वाट्याची तंबाखूची जमीन विकून पुण्याला गेले आणि सगळं उडवून परत आले. आजोबांनी त्यांना मिठी मारली, बकरं कापायला सांगितलं. माझे वडील म्हशीची धार काढत बसले, घरात येईनात. मी बेळगावला होस्टेलला होतो, उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, ताजा होता. शहाणपणा करायला गेलो. त्यातही थोरला भाऊ रुसून बाहेर थांबतो आणि बाप त्याची समजूत घालायला येतो, वगैरे.

वडिलांनी हातातली चरवी न ठेवता विचारलं, "आणि भरत? पादुका ठेवून चौदा वर्षं राज्य राखलं त्यानं. ते शिकवत न्हाईत काय तुमच्या शाळेत?"

मला उत्तर सुचलं नाही. राखणाऱ्याचं नाव घ्यायला आपल्याकडे भरत आहे. दाखल्यातल्या थोरल्याला बाप एवढंच म्हणतो की माझं ते सर्व तुझंच आहे. आमच्या आजोबांनी तेवढंही म्हटलं नाही.

शहापूरकरीण
सिस्टरांनी आम्हाला त्या दाखल्यात 'मेजवानी' एवढंच सांगितलं होतं. पुष्ट वासरू कापलं हे मी मोठेपणी वाचलं, आजीपर्यंत पोचलं नाही ते बरं! पण निपाणीकर, तो थोरला शेवटी जेवायला आत गेला की नाही?

निपाणीचा
दाखल्यात ते सांगितलेलंच नाही. आमच्याकडे आला, खरं तोवर रस्सा तेवढा उरला होता.