शाळेतल्या प्रशिक्षणाचं वार्षिक नियोजन: फॉर्म भरून आले, आता पुढे काय?

नवी_समन्वयक
नमस्कार. पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाचं नियोजन माझ्याकडे आलंय. सगळ्या शिक्षकांना विषयांची यादी पाठवून 'यापैकी कोणतं प्रशिक्षण हवं?' असं विचारलं. सर्वाधिक खुणा 'डिजिटल साधनं'वर, त्याखालोखाल 'ताणतणाव'. मुख्याध्यापक म्हणतात, खरी गरज मूल्यमापनाची आहे. त्यावर मात्र जेमतेम चौघांची खूण. बहुमताचं ऐकू की त्यांचं? शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही यात धरायचं का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रशिक्षणवाले_काका
ताई, इतक्यात कोणाच्याच बाजूने कौल देऊ नका. जोनाथन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकाने १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार मांडले: जाणकारांनी ठरवलेली, स्वतःला जाणवणारी, मागणी करून बोलून दाखवलेली आणि दुसऱ्यांशी तुलना केल्यावर दिसणारी. तुमच्या फॉर्ममध्ये दुसरी आली, मुख्याध्यापक पहिलीबद्दल बोलताहेत. दोघंही खरंच सांगताहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

प्रश्न बदलून पाहा. प्रत्येक कौशल्यापुढे दोन रकाने ठेवा: 'माझ्या कामात हे किती महत्त्वाचं?' आणि 'मला हे कितपत जमतं?' दोन्हींना १ ते ५ गुण. गॅरी बोरिच यांची १९८० ची ही पद्धत मी वर्षानुवर्षं वापरतोय. महत्त्वाच्या सरासरीतून जमण्याची सरासरी वजा करायची आणि आलेल्या फरकाला महत्त्वाच्या सरासरीने गुणायचं. समजा, डिजिटल फळ्याला महत्त्व २.९ आणि जमणं १.२, म्हणजे फरक १.७. वहीतल्या चुकांवर अभिप्राय देण्याला महत्त्व ४.७ आणि जमणं ३.२, फरक १.५. नुसता फरक पाहिला तर फळा पुढे. गुणाकार केला की फळ्याचे ४.९३ आणि अभिप्रायाचे ७.०५. क्रम उलटला!

पण हे शेवटी शिक्षकांनी स्वतःला दिलेले गुण. म्हणून मी नेहमी वह्या मागवतो. वेगवेगळ्या वर्गांतल्या थोड्या तपासलेल्या वह्या घेऊन बसा आणि फक्त लाल शाईतले शेरे वाचा. 'छान', 'सुधारणा हवी', 'नीट लिही' एवढंच पानोपानी दिसलं, तर मुलाने पुढे नेमकं काय करायचं हे त्याला कळत नाही. याउलट 'दुसऱ्या पायरीत चिन्ह बदललंय, तिथून पुन्हा सोडव' असा शेरा दिसला, तर त्या शिक्षकाला हे प्रशिक्षण नकोच. त्यांनाच इतरांसमोर बसवा. मुख्याध्यापकांचं म्हणणं किती खरं आणि नेमकं कुठे, हे या वह्यांत सापडेल.

राहिला ताणतणाव. त्यावर व्याख्यान ठेवण्याआधी लोकांना शांतपणे विचारा की वेळ कशात जातो. एकच माहिती तीन नोंदवह्यांत भरावी लागत असेल, मोकळ्या तासिका रोज बदली वर्गात जात असतील, तर ती उणीव कौशल्याची नाही. तिथे वेळापत्रक बदलावं लागतं. थकलेल्या माणसाला आणखी एका सभागृहात नेऊन बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रयोगशाळा_सहायक
मॅडम, शिक्षकेतरांना जरूर धरा. आम्हाला बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. मुलाला व्हरांड्यात फिट आली तर आधी सेवक धावतात. चिडून आलेल्या पालकांशी पहिल्यांदा लेखनिक बोलतात. माझ्या हाताखाली आम्ल असतं. फक्त आमच्यासाठी लांबलचक फॉर्म नको. समोर बसून विचारा की गेल्या वर्षी कुठल्या प्रसंगी काय करावं ते सुचलं नाही. कागदावर न येणारं बरंच बोलण्यात येईल.

नवी_समन्वयक
काका, दादा, मनापासून आभार. दोन शंका. फॉर्मवर नाव घेतलं नाही, तरी विषय आणि सेवेची वर्षं विचारली आहेत; आमच्याकडे रसायनशास्त्राला एकच मॅडम आहेत. आणि वर्षारंभी एका दिवसाची कार्यशाळा घेतली तर पुरेल का?

प्रशिक्षणवाले_काका
विषयाचा रकाना काढाच, नाहीतर त्या मॅडम 'जमत नाही' असं कधीच लिहिणार नाहीत. सेवेची वर्षं 'पाचपेक्षा कमी' आणि 'जास्त' एवढ्या दोनच गटांत घ्या. नव्या लोकांची गरज बहुधा वर्गावर पकड बसवण्याची असते, ती वेगळी दिसायला हवी.

एका दिवसाने भागणार नाही. अमेरिकेत २००७ साली शिक्षक-प्रशिक्षणावरच्या १,३०० हून अधिक अभ्यासांची छाननी झाली, कडक निकषांत बसणारे ९ च उरले. त्यात १४ तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर ठळक परिणाम दिसला नाही. त्यापेक्षा एकच विषय घ्या आणि वर्षभर पुरवा: थोडं सत्र, मग वर्गात वापर, सहकाऱ्याने येऊन तासिका पाहणं, पुन्हा एकत्र बसणं. तासिका पाहायला येणाऱ्यांच्या हातात गोपनीय अहवालाचा कागद नको, हे मुख्याध्यापकांकडून आधीच कबूल करून घ्या.

आणि फॉर्ममधून जे निघेल ते लवकरात लवकर सगळ्यांसमोर ठेवा: काय घेतोय, काय घेत नाही आणि का. उत्तरं कुठे गेली ते कळलं नाही, तर पुढच्या वर्षी लोक डोळे मिटून खुणा करतील.