घाट उतरल्यावरच स्टिअरिंग थरथरते. बॅलन्सिंग करूनही फरक नाही

प्रश्न – नाशिककर

नमस्कार. माझी आठ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी मॅन्युअल गिअरची छोटी गाडी आहे. नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट उतरून शहापूरच्या सपाट रस्त्याला लागलो, की ताशी ८० ते ९५ किलोमीटर वेगात स्टिअरिंग थरथरू लागते आणि गाडी जड झाल्यासारखी ओढते. चहासाठी अर्धा तास थांबलो तर पुढे बराच वेळ काहीही जाणवत नाही. परतीच्या वाटेवर घाट चढताना किंवा शहरातल्या रोजच्या वापरात हा त्रास होत नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून झाले, पुढचे टायर मागे टाकूनही पाहिले. आता मिस्त्री चारही टायर आणि इंजिनाची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवलेले असते ते रबरी आधार, बदलायला सांगत आहेत. एवढा खर्च करण्याआधी नेमके काय तपासून घ्यावे?

उत्तर – चिंचवडचा अभियंता

आपण थरथर कधी येते आणि कधी जाते हे नीट लिहिले आहे, आणि माझ्या मते निम्मे निदान त्यातच आहे. माउंटिंग खराब असेल तर थरथर सहसा गाडी जागेवर चालू असताना किंवा इंजिनावर भार पडताना वाढते. ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट झिजला असेल तर चढावर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी हलू लागते आणि पाय उचलताच शांत होते. कसारा घाट चढणे ही या दोन्ही भागांची सर्वांत कठीण परीक्षा आहे, आणि तिथे तर आपली गाडी निर्धोक चालते. त्यामुळे माउंटिंगवर इतक्यात पैसे घालू नयेत, असे मी ठामपणे सांगेन.

थरथर चाकांकडून येते की इंजिनाकडून, हे ओळखण्याचा आणखी एक उपाय आहे. १७५/६५ आर १४ मापाच्या टायरचा घेर साधारण १.८३ मीटर असतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे साडेतेरा फेरे घेते. त्याच वेळी इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ५० फेरे फिरत असते. म्हणून चाकाची थरथर हाताला थडथड अशी सुटी सुटी लागते, तर इंजिनाची बारीक गुणगुण वाटते. रस्ता सरळ, सपाट आणि मोकळा असेल तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय काढून क्लच दाबा. इंजिनाचे फेरे खाली येऊनही थरथर तशीच राहिली तर दोष चाकांत किंवा ब्रेकमध्ये आहे. हे करताना इंजिन मात्र बंद करू नये, कारण त्याबरोबर ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही जाते.

उत्तर – सांगलीचे गॅरेज

साहेब, घाट उतरल्यावर सुरू होते आणि गाडी थंड झाली की थांबते, हे वाचल्यावर मी सर्वांत आधी पुढचे ब्रेक उघडेन. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून गाडी थांबवणारा भाग म्हणजे कॅलिपर. छोट्या गाड्यांत तो बहुधा सरकता असतो आणि दोन पिनांवर मागेपुढे होतो. पिनांवरचे रबरी बूट फाटले की पावसाचे पाणी आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि पिन गंजून अडकते. मग ब्रेकवरचा पाय उचलला तरी पॅड डिस्कला घासतच राहतो. घाटात आधीच तापलेली डिस्क त्यामुळे आणखी तापते आणि थरथर सुरू होते. गाडी जड वाटते असे आपण म्हणता, तेही याच्याशी जुळते. टायरचा तोल बिघडला असता तर गाडी ओढली नसती.

पुढच्या वेळी घाट उतरून थरथर सुरू झाली की सुरक्षित जागी थांबा आणि पुढच्या दोन्ही रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. स्पर्श करू नका, कारण डिस्क भाजण्याइतकी तापलेली असू शकते. एका बाजूची धग दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त असेल किंवा जळका वास येत असेल, तर गाडी पूर्ण थंड होईपर्यंत पुढे नेऊ नये आणि ब्रेक दुरुस्त करून घेतल्याशिवाय घाट उतरू नये, कारण ब्रेक ऑइल उकळले तर पेडल सरळ खाली जाते.

गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंचे पॅड काढून शेजारी ठेवायला सांगा. एकाच चाकाचे आतले आणि बाहेरचे पॅड असमान झिजले असतील तर पिनांची किंवा पॅड ढकलणाऱ्या पिस्टनची हालचाल नीट होत नाही, असे समजावे. पिना मोकळ्या निघाल्या तर ब्रेकचा रबरी होज, म्हणजे ऑइलची नळी, पाहा. तो आतून फुगला की ऑइल परत यायला अडते आणि लक्षणे अगदी हीच दिसतात. पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून घ्या, बेअरिंगचे साधे ग्रीस रबर फुगवते.

उत्तर – टायरविक्रेता, कोल्हापूर

वरच्या दोघांशी मी सहमत आहे, पण टायर एकदा पाहून घ्यावेत. आतले पट्टे सुटू लागलेला टायरही तापल्यावर हलतो. टायर फिरवताना कुठे फुगवटा दिसतो का, ते पाहा. बाजूला छापलेले शेवटचे चार अंक वाचा. त्यावरून टायर कधी बनला ते कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तरीही पुढचे टायर मागे टाकून थरथर स्टिअरिंगमध्येच राहिली, त्यामुळे चारही टायर बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

नाशिककर

सर्वांचे मनापासून आभार. घाटाखाली थांबून पाहिले तेव्हा डाव्या पुढच्या चाकाची धग वीतभर अंतरावरूनही जाणवत होती आणि उजवे जेमतेम कोमट होते. क्लच दाबूनही थरथर कमी झाली नव्हती. कॅलिपर उघडल्यावर खालची पिन तांबड्या गंजाने इतकी धरली होती, की ती पान्याने फिरवून काढावी लागली. आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजला होता. दोन्ही बाजूंच्या पिना, बूट आणि पॅड नवे घातले आहेत. गाडी आता ओढत नाही, मात्र वेगात ब्रेक दाबल्यावर पायाला हलका थरकाप लागतो.

सांगलीचे गॅरेज

तो थरकाप डिस्कचा आहे. तापल्यामुळे तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसावी. मायक्रोमीटरने डिस्कभर सात-आठ ठिकाणी जाडी मोजून घ्या आणि डिस्कवर छापलेल्या किमान जाडीशी ताडून पाहा. लेथवर घासूनही त्या आकड्याच्या वर राहत असेल तर घासून घ्या, नाहीतर पुढच्या दोन्ही डिस्क एकदमच बदला.