डेन्मार्कमधली पगारी पीएचडी: आधी प्रवेश की आधी स्कॉलरशिप?

रसायनवेडी: नमस्कार मंडळी. माझी दोन वर्षांची एम.एस्सी. यंदा पूर्ण होतेय. डेन्मार्कमध्ये पीएचडीला पगार मिळतो म्हणे. मग आधी प्रवेश घेऊन स्कॉलरशिप शोधायची का? कोपनहेगन विद्यापीठ आणि डीटीयू (डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ) इथल्या बऱ्याच प्रोफेसरांना ईमेल पाठवले, कुणाचंच उत्तर नाही. फार निराश वाटतंय.

ओडेन्सेकर: निराश होऊ नका. प्रवेश हा शब्दच तूर्त बाजूला ठेवा. इथे पीएचडी म्हणजे तीन वर्षांची नोकरी. विद्यापीठ जागेची जाहिरात काढतं, तुमची निवड झाली की करार होतो आणि पहिल्या महिन्यापासून पगार सुरू. तो कामगार संघटना आणि सरकार यांच्यातल्या करारानुसार ठरतो, वर पेन्शनचा हिस्सा. फी भरावी लागत नाही.

म्हणून ‘तुमच्याकडे जागा आहे का’ अशा ईमेलला उत्तर येत नाही. जागा असली तर ती विद्यापीठाच्या भरतीच्या पानावर आणि युराक्सेस या युरोपातल्या संशोधनाच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर दिसते, आणि अर्जही तिथल्याच पोर्टलवर घेतात. ईमेल करायचा तो जाहिरातीत नाव दिलेल्या माणसाला, प्रकल्पाबद्दल नेमकी शंका असेल तर.

आरहूस विद्यापीठाच्या नॅचरल सायन्सेस विभागाकडे मात्र वेगळी पद्धत आहे. तिथे 1 फेब्रुवारी, 1 मे, 1 ऑगस्ट आणि 1 नोव्हेंबर अशा चार डेडलाइन असतात. ठरलेल्या प्रकल्पांशिवाय स्वतःचा विषयही मांडता येतो, पण सुपरवायझरशी आधी बोलणं झालेलं हवं. तिथे मात्र ईमेल करायलाच हवा.

सगळ्यात जास्त वेळ अर्जासोबतच्या पत्राला द्या. माझ्या जाहिरातीत इलेक्ट्रोकेमिकल मापनांचा उल्लेख एकाच ओळीत होता. मी पत्राची सुरुवातच तिथून केली: एम.एस्सी.च्या प्रबंधात निकेलच्या इलेक्ट्रोडवर कोणती मापनं घेतली, आकडे का हलत होते, ते कसे स्थिर केले. लहानपणापासूनच्या विज्ञानाच्या आवडीबद्दल एक शब्दही लिहिला नाही. मुलाखतीत अर्धा वेळ त्या हलणाऱ्या आकड्यांवरच बोलणं झालं.

लिंगबीतून: कागदपत्रांचं मी सांगते. पदवी, मार्कशीट आणि सीव्हीसोबत डीटीयू गुणपद्धतीचं अधिकृत वर्णनही मागते. इथली श्रेणी 12 पासून उणे 3 पर्यंत असते, त्यामुळे समजा तुमचा सीजीपीए 8.4 असला, तर तो किती चांगला हे त्यांना आपोआप कळणार नाही. बहुतेक विद्यापीठांत मार्कशीटच्या मागे ते छापलेलं असतं, म्हणून मागची बाजूही स्कॅन करा.

रसायनवेडी: खूप आभार! मारी क्युरी फेलोशिपच्या जागाही दिसल्या. त्या वेगळ्या असतात का? आणि शिकवावंही लागतं का?

ओडेन्सेकर: मारी क्युरीचा पैसा युरोपियन युनियनचा. अट अशी की नेमणुकीआधीच्या 36 महिन्यांत तुम्ही डेन्मार्कमध्ये 12 महिन्यांहून जास्त राहिलेल्या नसाव्यात. तुम्हाला अडचण नाही, जरूर भरा.

शिकवणं तर आहेच. शिवाय 30 ईसीटीएसचे (युरोपातले अभ्यासाचे क्रेडिट) कोर्स आणि दुसऱ्या संस्थेत, बहुधा परदेशात, काही काळ काम. तो मुक्काम कुठे करता येईल हे मुलाखतीत नक्की विचारा. माझ्या सुपरवायझरने तिथेच दोन प्रयोगशाळा सुचवल्या, आणि याच सुपरवायझरसोबत काम करायचं माझं तेव्हाच ठरलं.