टाइप वन मधुमेह : रक्तवाहिन्यांचे नवे ‘मार्कर’ आपल्या पोरांच्या कामाचे आहेत का?

कपाशीवाला, यवतमाळ
पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी सुचवलं, की पोरांच्या रक्तातलं आयसीएएम, व्हीसीएएम, ई-सिलेक्टिन हे नवे ‘मार्कर’ (धोक्याची खूण देणारे रेणू) तपासून घ्या, डोळे-किडनीचा धोका आधीच कळतो. माझा विरोध आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला त्रास झाला की हे रेणू वाढतात, खरं. पण साध्या इन्फेक्शननंही वाढतात, आणि त्या आकड्यावरून कोणी औषध ठरवत नाही. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती गळतं त्याचं माप, वारंवार दर ग्रॅम क्रिएटिनिनमागं ३० मिलिग्रॅमच्या वर आलं, तर उपाय आहे. आजाराला ५ वर्षं झाली की दरवर्षी ही तपासणी आणि बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा पाहणं, एवढं तरी होते का आपल्याकडे?

स्मिता, वर्धा
लघवीत अल्ब्युमिन दिसेपर्यंत किडनीच्या गाळणीला मार बसलेला असतो. काहींची किडनी तर अल्ब्युमिन न वाढताही उतरते. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्रातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये टाइप वनच्याच रुग्णांत दाखवलं, की रक्तात टीएनएफ रिसेप्टर (शरीरातल्या दाहाशी संबंधित प्रथिनं) जास्त असलेल्यांची किडनी पुढे खालावण्याची शक्यता जास्त. ‘आधी साधं, मग नवं’ म्हणत राहिलो तर खेड्यात नवं कधीच पोचणार नाही.

कपाशीवाला
शेकडो रुग्णांवरून बांधलेला अंदाज वेगळा, समोरच्या एका पोराचं काय करायचं ते वेगळं. १९९३ चा डीसीसीटी हा टाइप वनच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास घ्या. १,४४१ जण होते. साखर काटेकोर ठेवल्यावर, आधी डोळे चांगले असलेल्यांत पडद्याचा आजार ७६ टक्क्यांनी कमी झाला. तिथं आधार एचबीएवनसीचा, म्हणजे लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून मागच्या २-३ महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीचा होता. मग तेच नीट करू.

रानवाट, गडचिरोली
एचबीएवनसीवर इतका भरवसा ठेवू नका बाप्पा. आमच्याकडे सिकलसेल आहे. त्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. रिपोर्ट पाहून घरचे खूश, ग्लुकोमीटर मात्र २५० दाखवते! नुसता वाहक असेल तरी काही मशिनींवर गडबड होते. अशा पोराची फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी करा, त्यात मागच्या २-३ आठवड्यांची साखर कळते.

स्मिता
बघा, तुमची ‘साधी’ तपासणीही सगळ्यांना लागू होत नाही.

कपाशीवाला
मग फ्रुक्टोसामाइन करू, आधी सिकलसेलची तपासणी करू. त्यानं ई-सिलेक्टिनची बाजू कशी काय सिद्ध झाली?

लेकराची माय, दारव्हा
तुमचं भांडण चालू द्या, मले एक सांगा. माह्या पोराची कबड्डी असते. लघवीची तपासणी कवा करू? एक वेळा जास्त आली तं घाबराचं का?

रानवाट
नाही ताई. सकाळची पहिली लघवी द्या. आदल्या दिवशी खेळ नको, ताप असेल तर पुढं ढकला. अल्ब्युमिन जास्त आलं तर ३ ते ६ महिन्यांत पुन्हा तपासणी करा. ३ पैकी २ वेळा वाढलेलं आलं, तरच ते खरं धरतात.