बारीक रक्तवाहिनीत वायूचा बुडबुडा नेमका कशामुळे अडतो?

प्रवाहवेडा (प्रश्न)

मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. पाणबुड्या खोल पाण्यातून झपाट्याने वर आला, की शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून रक्तपुरवठा तोडतात, असे वाचले. परंतु वायूची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) रक्ताहून कितीतरी कमी असते आणि बुडबुडा हवा तसा आकार घेऊ शकतो. मग तो रक्तापेक्षा सहज पुढे सरकायला नको का? शिवाय सलाईनच्या नळीत दिसणाऱ्या एखाद्या लहान बुडबुड्याची कोणी फारशी चिंता करत नाही, ते कसे?

केशनलिका

श्यानतेविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण एवढ्या लहान मापावर पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाची आकसू पाहणारी ओढ) अधिक प्रभावी ठरतो. सरळ, एकसारख्या व्यासाच्या नळीत बुडबुडा लांबट होतो, आणि त्याची दोन्ही टोके सारखीच गोल असतील तर पृष्ठताणाचा परिणाम परस्पर कटतो. तिथे तो भिंतीलगतच्या प्लाझ्माच्या (रक्तातील द्रवाच्या) पातळ थरावरून घसरत जातो. खरी अडचण वाहिनीला फाटे फुटून ती अरुंद होते तिथे येते, कारण टोकाची त्रिज्या जितकी लहान, तितका पृष्ठताणामुळे येणारा दाब जास्त. समजा, बुडबुड्याचे मागचे टोक 100 मायक्रोमीटर व्यासाच्या वाहिनीत आहे आणि पुढचे टोक 20 मायक्रोमीटरच्या फाट्यात शिरू पाहत आहे. पृष्ठताण मीटरला 0.05 न्यूटन धरला, तर दोन टोकांवरील दाबांतील फरक सुमारे 8,000 पास्कल, म्हणजे पाऱ्याचे 60 मिलिमीटर येतो. केशवाहिनीच्या तोंडाशी रक्ताचा दाबच मुळी 35 मिलिमीटरच्या आसपास असतो.

‘मागून दाब साठत जाऊन शेवटी तो ढकलला जाईल’ असा युक्तिवाद इथे लावता येत नाही, कारण वाहिन्यांचे जाळे समांतर असते: एक फाटा बंद झाला की रक्त शेजारच्या फाट्यांतून निघून जाते आणि बुडबुड्यामागे दाब फारसा चढत नाही. प्रवाह मंदावला की भिंतीलगतचा थरही झिरपून जाऊ शकतो, आणि मग बुडबुडा भिंतीला थेट चिकटून बसतो.

प्रवाहवेडा

समांतर जाळ्याचा विचार मी केलाच नव्हता, आभार. पण मग आतला वायू रक्तात विरघळून हा अडथळा आपोआप नाहीसा व्हायला नको का?

रुग्णसेवक (डॉक्टर)

होतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका लवकर, कारण त्याच्या आतला दाब अधिक असतो. सलाईनमधला लहान बुडबुडा म्हणूनच त्रास देत नाही: तो शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूस व तिथून फुप्फुसांत जातो, तिथल्या बारीक वाहिन्यांत अडतो आणि त्यातील वायू श्वासावाटे निघून जातो. पाणबुड्याच्या शिरांतील बुडबुडेही बहुधा असेच गाळले जातात. मात्र सुमारे चौथाई प्रौढांत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले जन्मापूर्वीचे छिद्र पूर्ण बुजलेले नसते. त्यातून बुडबुडा डाव्या बाजूस निसटला, तर तो मेंदूकडे जाऊ शकतो.

तथापि केवळ ‘बूच बसले’ एवढ्यावर थांबू नये, असे मला वाटते. बुडबुडा वाहिनीचे पेशींचे नाजूक अस्तर खरवडतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर रक्तातील प्रथिने चिकटून प्लेटलेट व पांढऱ्या पेशी उद्दीपित होतात. परिणामी वाहिनी आकसते, पाझरते, आसपासची ऊती सुजते, आणि बुडबुडा विरघळून गेल्यावरही तिथला प्रवाह पूर्ववत होईलच असे नाही.

खोलपाणी

उपचाराचा मुद्दा राहिला, म्हणून लिहितो. रुग्णाला दाबकक्षात ठेवून साधारण 2.8 वातावरण दाबाखाली शुद्ध प्राणवायू देतात. बॉईलच्या नियमानुसार (दाब जितक्या पट वाढतो तितक्या पट वायूचे आकारमान घटते) बुडबुड्याचे आकारमान त्यामुळे 36 टक्क्यांवर येते, पण तो गोल असेल तर व्यास जेमतेम 71 टक्क्यांवर. वाहिनीत लांबट होऊन बसलेल्या बुडबुड्याची मात्र लांबीच मुख्यतः घटते, त्यामुळे भिंतीशी त्याचा संपर्क बराच कमी होतो. माझ्या मते खरे काम प्राणवायू करतो: श्वासातून नायट्रोजन वगळला की रक्तातील त्याचे प्रमाण घसरते आणि बुडबुड्यातला नायट्रोजन बाहेर ओढला जातो. जवळ दाबकक्ष नसला तरी तिथे पोहोचेपर्यंत शुद्ध प्राणवायू सुरू ठेवण्यावर भर देतात, तो याच कारणाने.