ल्योंमध्ये नीट जेवायचं कुठे? अनुभव लिहा

फ्रान्समधल्या ल्योंला जाणाऱ्यांसाठी हा धागा. जागा, वेळा, काय मागवायचं, कुठे फसगत होते ते नेमकं लिहा.

मुसाफिर: जुन्या ल्योंच्या सां-जां गल्लीत जागोजागी 'बुशों', म्हणजे ल्योंची पारंपरिक छोटी खाणावळ, अशी पाटी दिसते. पाटी कुणीही लावू शकतं. दारावर 'ले बुशों ल्योने' हा 2012 पासून दिला जाणारा बिल्ला आहे का ते बघा. दुपारचं जेवण 12 ते 2. दीडच्या आत ऑर्डर द्या, नाहीतर किचन बंद होतं आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत कॉफीवर राहावं लागतं. बरेच बुशों शनिवार-रविवार बंद असतात, म्हणून टेबल आधीच सांगून ठेवा.

काळा मसाला: तिथे 'मन्यू' म्हणजे ठरलेल्या पदार्थांचं जेवण, यादी हवी तर 'कार्त' मागा. साधं पाणी 'काराफ दो' म्हटलं की फुकट येतं. वजडी आवडणाऱ्यांनी 'ताब्लिए द सापर' घ्यावंच. गाईची वजडी व्हाईट वाईनमध्ये मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. 'आंदुयेत' मात्र आतड्यांचं सॉसेज, वास उग्र. पहिल्याच दिवशी नको.

हिरवी मिरची: शाकाहारींनी 'सर्वेल द कान्यू'च्या नावाला घाबरू नये. शब्दशः 'विणकराचा मेंदू', पण असतं चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात लसूण, शॅलट (छोटा कांदा), चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी), तेल आणि व्हिनेगर. पावाला लावून अप्रतिम लागतं. ल्योने सॅलड 'सां लार्दों' (बेकनच्या तुकड्यांशिवाय) म्हणून मागितलं तरी ड्रेसिंग डुकराच्या चरबीत केलेलं असू शकतं, तेही विचारा. पारंपरिक चीजमध्ये बहुधा दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट घातलेलं असतं. कडक शाकाहारींना ते चालणार नाही.

तूपभात: कनेल! ब्रोशे हा नदीतला मासा, अंडी, लोणी आणि मैदा यांचा लांबट गोळा. ओव्हनमध्ये टम्म फुगतो. वाढल्यावर लगेच खा, दोन-चार मिनिटांतच बसायला लागतो. सोबतचा नांतुआ सॉस नदीतल्या झिंग्यांचा. मासा नको तर बाजारात 'कनेल नात्यूर' मिळतं. मुक्कामाच्या जागी ओव्हन असेल तर पातळ टोमॅटो सॉसमध्ये ठेवून 180 अंशांवर 20-25 मिनिटं भाजा. भांड्यात एकमेकांना चिकटून ठेवू नका, फुगायला जागा मिळाली नाही तर मध्ये कच्चे राहतात. सॉसही भरपूर घ्या, बराचसा कनेल शोषून घेतात.

मुसाफिर: पार-दिएजवळचं पॉल बोक्यूज मंडई-मार्केट सोमवारी बहुतेक बंद, रविवारी दुपारपर्यंतच. सां-मार्सेलां चीज घेताना आज खायचं की परवा, ते सांगा. विक्रेते बोटाने दाबून त्याप्रमाणे निवडून देतात. आजचं असेल तर आत अगदी वाहतं हवं, चमच्याने खाण्याइतकं. स्वस्तात हवं तर क्र्वा-रूस भागातला सकाळचा बाजार. तोही सोमवारी नसतो.